चेंबरचा बोल्ट घेण्याआधी आटे मोजा : ठाणे-नवी मुंबईतल्या गाडीवाल्यांसाठी

मानपाड्याच्या आमच्या सोसायटीत एका सकाळी वॉचमनने थांबवलं. "साहेब, तुमच्या गाडीखाली तेल पडतंय." खाली वाकून पाहिलं तर फरशीवर रुपयाएवढा काळा डाग होता. गाडी बारा वर्षांची हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. मी गॅरेजला गेलो, त्यांनी इंजिनाच्या तळाचा, ऑइल काढायचा बोल्ट आणखी आवळला. आठवड्याभरात डाग पुन्हा दिसला. मग मी स्वतःच ऑनलाइन एक मॅग्नेटवाला ड्रेन प्लग, म्हणजे तोच बोल्ट, मागवला, कारण वर्णनात "सर्व गाड्यांना चालतो" असं लिहिलं होतं. बसवताना तो तीन-चार फेऱ्यांनंतर अडला. नवा आहे म्हणून घट्ट जात असेल, असं समजून मी पाना लावून जोर दिला. परत काढला तेव्हा त्याच्याबरोबर चेंबरचे ॲल्युमिनियमचे आटे (बोल्ट ज्यांत फिरत बसतो त्या पेचाच्या खाचा) बारीक चंदेरी तारेसारखे बाहेर आले.

त्यानंतर गाडी नऊ दिवस उभी होती. त्या नऊ दिवसांत आणि नंतर जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय. ज्यांनी आजवर ऑइल बदलताना फक्त गॅरेजबाहेर बसून चहा घेतलाय, त्यांनाही कळेल अशा बेताने.

आधी शब्द जुळवून घेऊ. इंजिनाच्या तळाशी ज्या पसरट भांड्यात ऑइल साठतं त्याला आपल्याकडे चेंबर म्हणतात. ते रिकामं करायला तळाशी किंवा बाजूला जो बोल्ट असतो तो ड्रेन प्लग. काउंटरवर "ऑइल चेंबरचा बोल्ट" म्हटलं तरी लगेच कळतं.

१. बोल्ट बदलायची खरंच गरज आहे का, ते ठरवा

खाली तेल दिसलं म्हणजे बोल्टच गळतोय असं नाही. ऑइल फिल्टरच्या कडेने, चेंबरच्या जोडातून किंवा वरच्या टॅपेट कव्हरमधून (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणातून) आलेलं तेलही ओघळत ओघळत बोल्टच्या टोकाशी जमतं, कारण सगळ्यात खाली तोच असतो. चेंबरचा सगळा तळ कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा, गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवा आणि मग टॉर्च घेऊन पाहा. ओल बोल्टच्या डोक्याभोवतीच असेल तर पुढे जा. वरून ओघळ येत असेल तर बोल्ट बदलून काही होणार नाही.

बोल्टच गळत असेल, तरी बऱ्याचदा दोष वॉशरचा, म्हणजे बोल्टच्या डोक्याखालच्या चकतीचा असतो. माझं स्पष्ट मत सांगतो : डोकं शाबूत आहे, आटे स्वच्छ आहेत, तर कंपनीचा बोल्ट ठेवा आणि फक्त वॉशर नवं घाला. बाहेरचा बोल्ट मी तीनच कारणांसाठी घेईन. डोक्याचे कोपरे झिजून पाना घसरत असेल तर, मॅग्नेट हवा असेल तर, किंवा मूळ बोल्ट वेळेत मिळत नसेल तर. गाडी वॉरंटीत असेल तर यातलं काहीच करू नका. सर्व्हिस सेंटरमधूनच बदलून घ्या आणि बिल जपून ठेवा.

२. हाताशी काय हवं

- आरसीचा किंवा चासी नंबरचा फोटो. पार्ट्स काउंटरवर याच नंबरावरून अचूक पार्ट निघतो.
- गाडीचं ओनर्स मॅन्युअल.
- जुना बोल्ट, किंवा नमुन्यासाठी कंपनीचा एक नवा बोल्ट.
- व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे व्यास बारकाईने मोजायची सरकती पट्टी. साधा चालेल.
- थ्रेड गेज, म्हणजे आट्यांचं अंतर तपासायच्या दातेरी पट्ट्यांचा जुडगा. टूल्सच्या दुकानात मिळतो.
- डोक्याच्या मापाचा रिंग पाना किंवा सॉकेट. दोन्ही बाजूंनी उघडा असलेला फिक्स पाना या कामाला वापरू नका, डोक्याचे कोपरे त्यानेच जातात.
- टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळता येणारा पाना. विकत नको असेल तर ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागा.
- पसरट ट्रे, फडकी, हातमोजे, जुन्या ऑइलसाठी झाकणाचा कॅन.

३. बोल्ट मोजा

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढा भाग वाचा.

दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, "सतराचा की चौदाचा?" बहुतेक वेळा हे माप डोक्याचं असतं, म्हणजे कितीचा पाना लागतो ते. आट्यांचं माप वेगळं. सतराच्या पान्याने खुलणाऱ्या बोल्टचे आटे साधारण चौदाचे असतात, आणि चौदाच्या पान्याने खुलणाऱ्याचे बाराचे. "चौदाचा द्या" असं म्हणून चुकीचा बोल्ट हातात पडायला एवढा घोळ पुरे होतो.

आट्यांचं माप दोन आकड्यांत सांगतात. एम १४ × १.५ म्हणजे आट्यांचा बाहेरचा व्यास १४ मि.मी. आणि एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर १.५ मि.मी. या दुसऱ्या आकड्याला पिच म्हणतात. मारुती सुझुकीची के-सिरीज पेट्रोल इंजिनं, होंडा आणि ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्या एम १४ × १.५ वापरतात. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत एम १२ × १.२५ असतो. रेनोच्या अनेक इंजिनांवर डोकं बाहेर नसतंच, आत ८ मि.मी.चा चौकोनी खड्डा असतो आणि त्याला तशीच चौकोनी चावी लागते. काही नव्या गाड्यांचं चेंबर प्लास्टिकचं आहे आणि त्यांचा प्लास्टिकचा प्लग थोडासा फिरवला की निघतो. तिथे धातूचा बोल्ट बसवायचा विचारही करू नका. ही यादी दिशा कळण्यापुरती आहे, आपल्या गाडीचं माप स्वतः घ्या.

व्हर्नियरने आट्यांचा बाहेरचा व्यास घ्या. १४ च्या बोल्टवर आकडा बरोबर १४ येणार नाही, किंचित कमी येईल. ते ठीक आहे. मग पिच बघा. थ्रेड गेजची पट्टी आट्यांवर ठेवून उजेडाकडे धरा. पट्टी आणि आटे यांच्यामधून उजेड दिसता कामा नये. गेज नसेल तर सलग सात आट्यांची टोकं निवडा, म्हणजे मध्ये सहा अंतरं येतात, आणि पहिल्या टोकापासून सातव्या टोकापर्यंत मोजा. ७.५ मि.मी. आलं तर पिच १.२५, ९ आलं तर १.५, १०.५ आलं तर १.७५ आणि १२ आलं तर २.

हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट का चालत नाही, तेही याच आकड्यांत दडलंय. तिथे सहसा मिळणाऱ्या एम १४ बोल्टचा पिच २ असतो आणि एम १२ चा १.७५. व्यास जुळतो, म्हणून तो पहिल्या दोन फेऱ्या गुमान आत जातो. मग अडतो, आणि आपण जोर लावतो. लोखंडी बोल्ट आणि ॲल्युमिनियमचं चेंबर अशी झुंज असेल तर चेंबर हरतं. माझं नेमकं असंच झालं होतं. मागवलेल्या प्लगचा पिच १.२५ होता आणि माझ्या चेंबरला हवा होता १.५.

सेकंडहँड गाडीवाल्यांनी आणखी एक खबरदारी घ्यावी. तुमच्या गाडीत आत्ता असलेला बोल्ट मूळचाच आहे, हे धरून चालू नका. आधीच्या मालकाच्या वेळी आटे गेले असतील तर कोणीतरी जाडसर, ओव्हरसाइज बोल्ट ठोकलेला असू शकतो. म्हणून चासी नंबर देऊन कंपनीचा एक बोल्ट आधीच विकत घ्या. तो फार महाग नसतो. त्याचे आणि बाहेरच्या बोल्टचे आटे एकमेकांत बसवून उजेडासमोर धरा. दोन कंगवे एकमेकांत अडकवल्यासारखे ते टोकापासून टोकापर्यंत बसले तर पिच एकच. कुठे फट दिसली तर तो बोल्ट परत करा. घरी, कोणत्याही हत्याराशिवाय करता येणारी ही सगळ्यात खात्रीची तपासणी आहे.

लांबीही बघा. फार आखूड बोल्ट कमी आट्यांवर धरतो आणि ते आटे लवकर जातात. फार लांब असेल तर आतल्या पत्र्याला किंवा ऑइल ओढणाऱ्या जाळीला टेकू शकतो. मॅग्नेटचा दांडा पुढे आलेला असेल तर तोही लांबीत धरा.

४. वॉशरकडे दुर्लक्ष नको

तेल अडवायचं काम वॉशरचं आहे, आटे फक्त बोल्टला धरून ठेवतात. वॉशर तांब्याचं, ॲल्युमिनियमचं किंवा कडेला रबर बसवलेलं असतं. मऊ धातू दाबला जातो आणि बारीक ओरखडे भरून काढतो. एकदा दाबलं गेलं की तांबं कडक होतं आणि दुसऱ्यांदा तितकं बसत नाही. त्यामुळे दर ऑइल बदलीला नवं वॉशर घाला. गॅरेजमध्ये तोंडाने सांगा, "दादा, वॉशर नवं टाका, मी आणलंय." सोबत नेलेलं वॉशर नाकारायला कोणाकडे कारण नसतं.

जुनं वॉशर कधीकधी चेंबरला चिकटून राहतं. ते न पाहता वर दुसरं बसवलं की दोन वॉशर होतात आणि गळती सुरू होते. बोटाने चाचपून घ्या. टेफ्लॉन टेप, एम-सील, सिलिकॉन यांपैकी काहीही आट्यांवर लावू नका. त्यांचे तुकडे सुटून ऑइलमध्ये जातात, आणि त्यांची गरज पडते आहे म्हणजे मूळ दुखणं तसंच आहे.

५. साधा, मॅग्नेटचा की व्हॉल्व्हचा

साध्या बोल्टबद्दल फार लिहायला नको. जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी बोल्ट घ्या. खाडीकाठच्या दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात उघडं लोखंड लवकर गंजतं. लाल-निळ्या रंगाचे ॲल्युमिनियमचे बोल्ट दिसायला छान असतात, पण त्यांचं डोकं मऊ असतं. दोन-चार वेळा खोलल्यावर पाना घसरायला लागतो. मी घेणार नाही.

मॅग्नेटवाल्या बोल्टबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण नवखे लोक याच्याच मागे जातात. तो लोखंडाचे बारीक कण धरून ठेवतो, हे खरं. पण बेअरिंगमधून झिजणारं ॲल्युमिनियम, तांबं, कथील त्याला चिकटत नाही. तो फिल्टरची जागाही घेत नाही. त्याचा खरा उपयोग निदानाला होतो. दर ऑइल बदलीला टोक पाहायचं. करड्या रंगाची, लोण्यासारखी मऊ लुगदी दिसली तर ती नेहमीची झीज आहे. बोटांना टोचणारे तुकडे किंवा कपच्या दिसल्या तर इंजिन उघडण्याबद्दल मेकॅनिकशी बोलायची वेळ आली. मी दर वेळी पुसण्याआधी फोटो काढतो आणि त्यावर किलोमीटर लिहून ठेवतो. मागच्या फोटोशी ताडून पाहता येतं.

आता अडचण कुठे येते ते बघा. स्वस्त बोल्टमध्ये साध्या प्रतीचा निओडिमियम मॅग्नेट असतो. साधा निओडिमियम साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंतच टिकतो, त्यापुढे त्याची ताकद कायमची उतरायला लागते. चेंबरमधलं तापलेलं ऑइल मात्र सहज ९०-१०० अंशांवर जातं. घोडबंदर रोडवर मे महिन्यात तासभर रखडलेल्या गाडीचा विचार करा. म्हणून वर्णनात १५० अंश किंवा त्याहून जास्त तापमान सोसणारा मॅग्नेट लिहिलाय का ते पाहा. समेरियम-कोबाल्टचा मॅग्नेट याहून खूप जास्त उष्णता सोसतो, पण महाग पडतो. काळा फेराइट मॅग्नेट उष्णता छान सोसतो, फक्त त्याची ओढ कमी असते.

वर्णनावर विश्वास नसेल तर घरी तपासा. बोल्ट मॅग्नेटच्या टोकाने टाचण्यांच्या ढिगात बुडवा आणि किती उचलल्या ते मोजा. मग बोल्ट अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा मोजा. आकडा लक्षणीय घसरला तर तो मॅग्नेट इंजिनात टिकणारा नाही.

मॅग्नेट कसा बसवलाय हेही तितकंच महत्त्वाचं. नुसता गोंदाने चिकटवलेला असेल तर उष्णतेने सुटून चेंबरमध्ये पडू शकतो. धातूची कड दाबून घट्ट धरलेला मॅग्नेट निवडा. बसवण्याआधी तो एखाद्या जाड लोखंडी वस्तूला चिकटवून जोरात ओढून पाहा. जरासा जरी हलला तरी नको.

तिसरा प्रकार व्हॉल्व्हचा. जपानचा फुमोटो यात प्रसिद्ध आहे. पितळेच्या अंगात बॉल व्हॉल्व्ह असतो, कडेची दांडी उचलून फिरवली की ऑइल बाहेर येतं, पाना लागत नाही. दर वेळी आटे खोलायला लागत नाहीत हा मोठा फायदा. पण तो बोल्टपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर बाहेर येतो. आपल्या बऱ्याच हॅचबॅकचा ग्राउंड क्लिअरन्स १६०-१७० मि.मी.च्या घरात आहे, आणि सोसायट्यांच्या गेटसमोरचे उंच स्पीडब्रेकर तुम्ही पाहिलेच आहेत. बोल्टचं तोंड सरळ खाली असेल तर हा प्रकार विसरा. तोंड बाजूला किंवा मागे असेल आणि खाली इंजिन गार्ड असेल तरच विचार करा, तेही दांडी चुकून उघडू नये म्हणून क्लिप लावूनच.

६. कुठून घ्यायचा

नमुन्याचा मूळ बोल्ट आणि वॉशर तुमच्या कंपनीच्या अधिकृत पार्ट्स काउंटरवरून घ्या. नवी मुंबईत तुर्भे-सानपाडा पट्ट्यात आणि ठाण्यात माजिवडा-घोडबंदर बाजूला सर्व्हिस सेंटरं आहेत, त्यामुळे फार फिरावं लागत नाही. एक फोन करून पार्ट शिल्लक आहे का ते विचारा. जास्त पर्याय पाहायचे असतील तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. ठाण्याहून मध्य रेल्वेने आणि वाशीहून हार्बरने, दोन्हीकडून कुर्ला सरळ पडतं. जुना बोल्ट खिशात असल्याशिवाय मात्र जाऊ नका. गाडीचं नाव सांगून बोल्ट मागितला की जवळचा म्हणून काहीही पुढे केलं जातं.

ऑनलाइन घेताना एकच नियम. व्यास, पिच, आट्यांची लांबी हे तिन्ही आकडे लिहिलेले नसतील तर घेऊ नका. "युनिव्हर्सल" हा शब्द दिसला की पान बंद करा.

७. बसवताना

गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावलेली, चाकांना अडण दिलेली असावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. जॅक स्टँड नसेल तर हे काम गॅरेजच्या रॅम्पवर करून घ्या आणि बाजूला उभे राहून पाहा. इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा. ऑइल कोमट हवं, भाजणारं नको.

खोलण्याआधी दोनदा खात्री करा की हा इंजिनाचाच बोल्ट आहे. गिअरबॉक्सचाही असाच बोल्ट शेजारी असतो. चुकून तो खोलला तर गिअर ऑइल निघून जातं, आणि वर इंजिनात नवं ऑइल ओतल्यावर ते दुप्पट होतं.

ऑइल पूर्ण निथळलं की बसायची जागा पुसून घ्या. नवा बोल्ट वॉशरसह नुसत्या बोटांनी फिरवा. वॉशर टेकेपर्यंत तो बोटांनीच गेला पाहिजे. मध्ये अडला तर तिथेच थांबा, उलटा काढा आणि पुन्हा सरळ लावा. दुसऱ्यांदाही अडला तर तो बोल्ट त्या जागेचा नाही. पान्याला हात लावू नका.

मग टॉर्क रेंच. आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून किंवा सर्व्हिस सेंटरमधून घ्या. एम १४ × १.५ च्या बऱ्याच छोट्या गाड्यांना तो ३५ ते ४० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. हाताला याचा अंदाज यावा म्हणून सांगतो : २५ सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला ३५ न्यूटन-मीटरसाठी साधारण १४ किलोचा जोर लागतो. पान्याला पाइप घालून किंवा पायाने दाबून आवळणारा माणूस याच्या कितीतरी पुढे जातो. गॅरेजमध्ये हवेची गन हातात दिसली तर नम्रपणे सांगा, "दादा, हा बोल्ट हाताने लावा." माझे आटे आधीच्या अतिआवळण्याने अशक्त झाले होते, हे नंतर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी दाखवलं.

ऑइल भरून इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करा, थोडं थांबून डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहा आणि टॉर्च लावून खाली पाहा. रात्री बोल्टच्या खाली पुठ्ठा ठेवा. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. तेव्हा थेंब दिसला तर बोल्ट आणखी आवळू नका, आधी वॉशर तपासा.

८. आटे गेलेच असतील तर

पहिला स्वस्त उपाय म्हणून ओव्हरसाइज बोल्ट सुचवला जाईल, जो स्वतःच नवे आटे कापत आत जातो. तो तात्पुरता आहे, शिवाय कापलेले कण चेंबरमध्ये पडतात. मी वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्या मिस्त्रींकडून हेलिकॉइल बसवून घेतलं. छिद्र किंचित मोठं करून टॅप (आटे कापायचं हत्यार) मारतात आणि आत स्टीलच्या तारेचे नवे आटे बसवतात. त्यात मूळ मापाचाच बोल्ट जातो. माझ्या मते ॲल्युमिनियमच्या चेंबरला हे आधीपेक्षा भक्कम होतं.

चेंबर खोलून केलं तर उत्तम. न खोलता करणार असतील तर टॅपला भरपूर ग्रीस लावायला सांगा, म्हणजे कण त्यात अडकतात, आणि शेवटी वरून थोडं स्वस्त ऑइल ओतून आतले उरलेले कण बाहेर वाहू द्या. छिद्राभोवती तडा असेल तर दुरुस्ती नको, चेंबरच बदला.

९. काढलेलं ऑइल

छोट्या गाडीतून ३ ते ४ लिटर काळं ऑइल निघतं. भारतातल्या २०१६ च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात मोडतं. सोसायटीच्या गटारात ओतलेलं तेल नाल्यांतून शेवटी ठाण्याच्या खाडीत जातं. तिथे २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळालाय. ऐरोलीला बोटीतून पक्षी दाखवायला मुलांना नेतो, त्याच पाण्यात आपलं तेल नको. कॅनमध्ये भरा, झाकण लावा आणि जिथे वापरलेलं ऑइल रीसायकलिंगला देतात अशा सर्व्हिस सेंटरला किंवा गॅरेजला द्या. देण्याआधी फोन करून विचारून घ्या, आणि त्यात पाणी किंवा कूलंट मिसळू देऊ नका. मिसळलेलं कोणी घेत नाही.